फोल्डरमधली रिकामी जागा

आमच्या पेडण्याच्या वाचनालयात एक मासिक येतं. त्याच्या शेवटच्या पानांवर लोक आपापले अनुभव लिहून पाठवतात — कुणाला वाटेत कोण दिसलं, कुणाच्या माळ्यावर कसला आवाज झाला. मी ती पानं सहसा वाचत नसे. वाचली तरी हसू यायचं. आमच्या वाड्यावर न दिसणारा राखणदार आहे म्हणतात. त्याला वर्षातून एकदा रोट आणि विडी देतात. लग्न होऊन आल्यापासून तो रोट मीच भाजत आले, पण तो खायला कुणी येतं असं मला एकदाही वाटलं नाही. रीत म्हणून भाजला. आजही माझं मत तेच आहे, म्हणून हे लिहायला बसताना माझी मलाच लाज वाटते. पाठवीन की नाही ठाऊक नाही... निदान वहीत तरी उतरवून ठेवते.

माझं शिक्षण मराठी चौथी. गोवा मुक्त झाल्यावर आमच्या गावात मराठी शाळा आली, तिच्या पहिल्या मुलींतली मी. बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, हे आमच्या पेडण्यात घरोघरी असंच. इंग्रजी मला येत नाही. चार माणसांत बोलायचीही मला सवय नाही. पाहुणे आले की मी चहा पुढे करून दाराआड उभी राहणार. हे सगळं सांगते ते अशासाठी, की पुढे जे मी केलं ते माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं.

आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून चालत अर्ध्या तासावर. मागे काजूची चढण, पुढे भाताचा मळा. आमचे हे एका सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा ह्यांच्या वयाचे सगळे धास्तावले, हे मात्र खूश. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना घरीही एक आणला — तो मोठ्या पेटीसारखा पडदा असलेला. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं. एक छोटा कॅमेराही घेतला. गोवा राज्य झालं त्या वर्षी आमची सुलू पहिलीत होती. आता ती लग्न होऊन डिचोलीला आहे आणि तिथे एका ऑफिसात नोकरी करते. कॉम्प्युटरचं जे काही थोडं मला कळतं ते तिनेच शिकवलेलं.

आता माटोळीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला परसातली, रानातली फळं, फुलं, पानं बांधतात. तीच माटोळी. बहुतेक घरांत हाताला येईल ते जागा मिळेल तिथे बांधतात. आमच्या घरी तसं नाही. आमच्या चौकटीला तीन दांडे, दर दांड्याला सात जागा — एकवीस जिन्नस, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. ह्याला कारणही आहे. तुळईला दोनच आकडे आहेत आणि ते मधोमध नाहीत, एका अंगाला वीतभर सरकलेले. नारळाची पेण आणि सुपारीचं शिपटं, म्हणजे त्यांचे घोस, शिवाय केळ्यांचा घड, चिबूड, हे जड जिन्नस जागच्या जागी पडले नाहीत तर चौकट होडीसारखी कलते. सासऱ्यांनी हा सगळा हिशोब बसवलेला. त्यांनी तो ह्यांना शिकवला आणि ह्यांनी कुणालाही नाही. कारण आम्हांला मुलगा नाही, आणि मुलीला शिकवावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही... माझ्यासुद्धा.

मी दरवर्षी खाली उभी राहून एकेक जिन्नस ह्यांच्या हातात द्यायची. बस्स. ह्यांनी "झालं गो" म्हटलं की मी स्वयंपाकघरात पळायची. सासरे असताना मान वर करून बघायची सोय नव्हती, पुढे ती सवयच राहिली.

हे गेले ते फाल्गुनात, बसल्या जागी, छातीत कळ येऊन. त्या वर्षीची चवथ साधी झाली, माटोळीशिवाय. पुढच्या वर्षी आषाढात धाकटे दीर आले. त्यांना मी वासुभावोजी म्हणते. तरुणपणीच नोकरीला फोंड्याला गेले आणि तिथेच त्यांनी घर केलं. दर चवथीला दुपारी आरतीला यायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या आत परत. दोघा भावांत भांडण असं नव्हतं. पण बोलणंही नव्हतं.

"वयनी, औंदाची चवथ फोंड्याक करूया," कप खाली ठेवून ते म्हणाले. "चित्रशाळेतून मूर्ती थेट थंयच न्हेतां. तू चार दिवस आदी ये. वेगळी खोली आसा."

"आणि हे घर?"

"घराक पाच दिवस कुलूप. घर काय पळून जाता?"

मी रिकामा कप उचलला. मग ते जरा चिडूनच म्हणाले, "माटोळी कोण बांधतलो? दादा गेला. बापायन शिकवली ती फक्त दादाक. माका कोणी शिकवली? ह्या घरात माजां काय आसा तां तरी सांग."

"मी बांधीन," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं. "तू? स्टुलार चडून? पदर सांबाळशी काय चिबूड सांबाळशी?"

"बांधून दाखवते. मग बोला."

आवाज माझाच होता, पण इतक्या वर्षांत तो मी ऐकला नव्हता. भावोजींनी हसणं थांबवलं. मग उठले.

"बरां. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी येतां. बापायच्या वेळची एकवीस जिनसांची माटोळी, आणि चौकट सरळ. तशी दिसली तर मूर्ती हांगा. नाय तर फोंड्याक — आणि मग कायमची फोंड्याक."

म्हणजे एवढंच होतं. ह्या घरात मी एकटी राहते. गणपती गेला की मागोमाग एक एक करून सगळं जातं, हे मी शेजारच्या दोन घरांत बघितलं आहे. मला तो जाऊ द्यायचा नव्हता.

बांधीन म्हटलं खरं, पण जिन्नस तरी मला सगळे आठवत होते का? आठवले तरी जागा? दोन दिवस मी रिकाम्या तुळईकडे बघत बसले. मग लक्षात आलं — ह्यांनी शेवटची माटोळी बांधली त्या वर्षी सुलू बाळंतीण होती, तिला येता आलं नव्हतं. तिला दाखवायला म्हणून ह्यांनी एकेक जिन्नस सुपात ठेवून त्याचा फोटो काढला होता. ते फोटो कॉम्प्युटरात असणार.

सुलूला फोन लावला. भांडी घासून झाल्यावरची दुपारची वेळ, बाहेर धो धो पाऊस, वीज जात-येत होती आणि कॉम्प्युटरखालची ती बॅटरी पीं पीं करत होती.

"आई, फोल्डर मिळाला? त्यात काय दिसतं?"

"नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे. चित्र एकही नाही."

"ती यादी आहे. आता मी सांगते तसं कर. वर सगळ्यात माथ्यावर शब्दांची ओळ आहे, तिच्यातला तिसरा शब्द दाब."

"दाबला. खाली जाळं पसरलं."

"जाळं नाही गो, मेनू! त्यात थंबनेल असं..."

"मला काय ठाऊक कुठला तो. कितवी ओळ ते सांग."

अशी आमची रीत. ती ओळी मोजायची आणि मी बोट लावायची. यादी गेली आणि एकदम चौकोनाचौकोनांतून चित्रं उभी राहिली. कांगल्यांचा केशरी घोस, काटेरी, अंड्याएवढं हिरवं फागलं, रानातलं लालबुंद कवंडळ... प्रत्येकाखाली आमचं सूप. आणि सुपाच्या कडेला काही फोटोंत ह्यांच्या पायाचा अंगठा. मी पडद्यावर त्या अंगठ्याला बोट लावलं.

"आई, आहेस ना? मोज किती आहेत."

वीस होते. एक कमी. मी म्हटलं, राहिला असेल काढायचा.

मग तिने मला ते ओळीने लावायला शिकवलं. पांढऱ्या जागेवर उजवं बटण, वरून दुसरी ओळ, तिच्यातून जी यादी फुटते तिच्यातली पहिली ओळ. त्याच यादीत शेवटून दुसऱ्या ओळीला टिक करायची. ती केली की चित्रं आपोआप एकाला एक लागून बसतात, मध्ये जागा राहत नाही. तसं केलं. सात, सात आणि सहा, अशा तीन ओळी झाल्या. शाळेतल्या मुलांसारखी सगळी ओळीत. हा काही माटोळीचा क्रम नव्हे. ह्यांनी आधी परसातले जिन्नस काढले होते, मग रानातले. पण निदान काय काय जमवायचं ते कळलं. त्याच समाधानात मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला, तर चित्रं ओळीत नव्हती.

होती तीन रांगांतच, सात-सात. पण क्रम सगळा मोडलेला. पहिल्या रांगेत नारळ एका टोकाला, तिसऱ्या रांगेत केळी मध्यावर — आणि त्या तिसऱ्याच रांगेत डावीकडून दुसरी जागा रिकामी. एखादा दात पडावा तशी. मी म्हटलं, काल काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. पुन्हा उजवं बटण, दुसरी ओळ, पहिली ओळ. चित्रं मुकाट्याने सरळ झाली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा मोडलेली. चौथ्या दिवशीही.

मला भीती वाटली नाही, राग आला. मी कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे तीन रांगा आखल्या आणि काय कुठे आहे ते मराठीत लिहून ठेवलं. मग चित्रं सरळ केली, बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडून नव्या पानावर पुन्हा लिहिलं. असे चार दिवस. चारही पानं खिडकीच्या काचेला एकावर एक लावून उजेडात बघितली. सगळी तंतोतंत सारखी. रिकामी जागाही तीच.

सुलूला सांगितलं तेव्हा ती हसली. "आई, बाबांनी हाताने ओढून तशी लावली असतील. कॉम्प्युटर फोल्डरची मांडणी लक्षात ठेवतो. भूत-बीत नको काढू हां!"

"मी कुठे भूत म्हटलं? नीट कर म्हणते."

रविवारी ती स्वतः आली. बसल्या बसल्या तिने खिडकीतून खिडक्या उघडल्या, म्हणाली, सगळ्या फोल्डरांच्या मांडण्या पुसून टाकते, लक्षात ठेवायचं कलमही काढून टाकते. कॉम्प्युटर बंद केला, मागची वायर उपसली, आम्ही दोघींनी चहा घेतला. परत चालू केला. तिने फोल्डर उघडला आणि तिचा हात माउसवरच राहिला. तीच मोडलेली मांडणी होती.

"थांब," ती म्हणाली. तिने उजवं बटण दाबून ती शेवटून दुसरी ओळ बघितली. तिला टिक होती. "आई... ही टिक असताना मध्ये रिकामी जागा राहूच शकत नाही. चित्रं सरकून ती भरून काढतात. राहूच शकत नाही!"

मग तिने एक नवा कोरा फोल्डर केला, त्याला माझं नाव दिलं आणि त्यात सगळे फोटो नक्कल करून टाकले. त्या फोल्डरला बाबांचा हात लागणं शक्य नव्हतं, तो आत्ताच जन्मला होता. बंद केला, उघडला. नारळ टोकाला, केळी मध्यावर, तिसऱ्या रांगेतली दुसरी जागा रिकामी.

सुलूने फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि डिचोलीला नेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला, आवाज हळू. "इथे सरळ दिसतात आई. सगळे ओळीत. दहादा उघडून बघितले." तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, एखादी लपलेली फाईल असेल. मग टिक असून जागा कशी राहते, विचारल्यावर म्हणाला, होतं कधी कधी — आणि जेवायला गेला.

मी मात्र विचार करणं सोडून दिलं. यंत्र बिघडलं असेल नाही तर माझं डोकं, मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. मला एक मांडणी हवी होती आणि एक मांडणी माझ्यासमोर होती. तीन दांडे, सात जागा. दुसरी मला कुणी देणार नव्हतं. मी कागदावर ती नीट उतरवली आणि जिन्नस जमवायला लागले. बरेचसे पेडण्याच्या माटोळीच्या बाजारात मिळाले. कवंडळ आणि कांगल्या मी काजूच्या चढणीवर जाऊन स्वतः तोडल्या. वाटेत एकीने विचारलं, "खंय गो, एकटी?" मी म्हटलं, "माटोळीक." ती बघतच राहिली.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी सुलू आली. आम्ही चौकट धुऊन आकड्यांना टांगली. दांड्यांवर जुन्या दोऱ्यांनी घासून काळ्या खाचा पडलेल्या होत्या. सुलू जिन्नस देऊ लागली, मी स्टुलावर चढून बांधू लागले. कागद समोर भिंतीला टाचला होता. कागदावरची वरची रांग भिंतीकडे, खालची दाराकडे, अशी मी धरली. सरळच होतं ते. दारातून आत येणाऱ्याला जसं दिसेल तसं.

वीस बांधून झाले, आम्ही हात सोडले आणि चौकट जी कलली! केळ्यांचा घड माझ्या खांद्यावर आला. नारळ तिकडे वर, जवळजवळ कौलांना. सुलू ओरडली, "आई, पडशील!" दहा वाजले होते. भावोजी दोनपर्यंत येणार होते.

"सोड ना आई," सुलू म्हणाली, खरोखर रडवेली झाली होती. "त्या बिघडलेल्या फोल्डरवर आपण विसंबलो. आता मी म्हणते तसं कर — तोल साधेल तसं कुठेही बांध, आणि त्या रिकाम्या जागी दुसरा चिबूड लाव. एकवीस झाले! काकांना काय कळतंय?"

मी स्टुलावर बसून राहिले. चौकटीखाली उभ्या असलेल्या सुलूकडे बघत होते, तिच्या हातात सूप होतं. आणि मला दिसलं... मी कुठे उभी राहायची ते. मी दाराकडे पाठ करून, आत बघत उभी राहायची. आणि हे माझ्याकडे हात पुढे करायचे. म्हणजे ह्यांची पाठ भिंतीला असायची आणि तोंड दाराकडे. देव जिथे बसणार तिथे उभं राहून, देवाच्या बाजूने माटोळी बांधायची, ही सासऱ्यांची पद्धत. इतकी वर्षं मी ते तोंड समोर बघत होते आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

मी कागद भिंतीवरून काढला आणि उलटा फिरवून टाचला. वरची रांग दाराकडे, खालची भिंतीकडे.

"सगळं सोड," मी सुलूला म्हटलं. "पुन्हा."

"सगळं?"

"सगळं."

स्टूल भिंतीला लावलं, पाठ भिंतीला टेकवली आणि पहिल्यापासून बांधायला घेतलं. हात सोलवटले. केवणीच्या सालीचे दोर ओले असले की कापतात. एक वाजता विसावा जिन्नस बांधला आणि हात सोडले. चौकट एकदा हलली, आणि पाण्यासारखी सपाट थांबली.

राहिली ती रिकामी जागा. आता ती भिंतीच्या बाजूला आली होती, मूर्तीच्या मागे झाकली जाईल अशी. सुलू चिबूड घेऊन उभी होती.

"लाव ना. एकवीस मोजणार ते."

खरं होतं. वीस मोजले की मूर्ती फोंड्याला. एक चिबूड, आणि मी जिंकले असते. पण वीस जागांना मी त्या मांडणीवर विश्वास ठेवला आणि एकविसाव्या जागेला फसवणूक करायची, हे माझ्याने होईना. "जशी दिसते तशीच राहू दे," मी म्हटलं. सुलू रागावून स्वयंपाकघरात गेली.

भावोजी आले. चपला काढल्या, वर बघितलं आणि बोट दाखवत मोजायला लागले. चौकटीकडे बघून त्यांची भुवई वर गेली होती, ते माझ्या लक्षात आलं. पण मोजून झाल्यावर म्हणाले, "वीस."

"वीसच."

"मी एकवीस म्हटलेलां. बापायची एकवीसची माटोळी."

"एक जागा रिकामी आहे," मी म्हटलं. "मागे. भिंतीच्या बाजूने या, दिसेल."

"जागा दिसून काय करू?" असं म्हणत ते आले. स्टुलावर चढले. पाठ भिंतीला लावून वर बघितलं. मग हात वर केला, आणि त्या जागेवर ठेवला. तसाच ठेवला. मला वाटलं त्यांना चक्कर आली.

"भावोजी?"

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वयनी, ही जागा रिकामी ठेवूक तुका कोणी सांगितलां?"

"कुणी नाही."

"खोटां बोलू नको."

"मी कधी बोलले आहे?"

ते स्टुलावरच बसले. "मी बारको असताना बापाय माका खांद्यार घेयचो," ते म्हणाले. "वीस जिनस ते आणि दादा बांधीत. एकविसावो माजो. घागऱ्यांचो घोस — त्या सुक्या शेंगा, वाजतत त्या. बारक्यान बांधूचो, असो नेम. मी फोंड्याक गेल्यावर पहिल्याच वर्षी बस चुकली, उशीर झालो. इलंय तर माटोळी बांधून तयार. दादान माज्यासाठी वाट बगूक नाय. म्हटलां, भरली ह्यान माजी जागा! मागीर मी कदी वर बगलांच नाय." त्यांनी वर बघितलं. "तीस वर्षां."

मी स्टुलाजवळ गेले. त्यांनी माझं बोट धरून त्या दांड्यावरून फिरवलं. बाकीच्या प्रत्येक जागी दोराने घासून खाच पडलेली, बोट अडकेल एवढी. ह्या एका जागी खाच होती खरी, पण अर्धवट, जुनी, कडा भरून आलेली. तीस वर्षं तिथे दोर लागला नव्हता. खाचा मी सकाळीच बघितल्या होत्या. खाच कुठे नाही हे कोण बघतं?

मी भावोजींना कॉम्प्युटरसमोर नेलं आणि फोल्डर उघडून दाखवला. काय काय झालं ते सुलूने सांगितलं. ते त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होते. मग उठले, चांगल्या पॅन्टीनिशी पावसात बाहेर गेले. तासाभराने आले ते गुडघ्यापर्यंत चिखल, हातात घागऱ्यांचा घोस. "चडणीच्या वरच आसत अजून, थंयच," एवढंच म्हणाले. पाठ भिंतीला लावून त्यांनी तो बांधला. गाठ मारताना शेंगा वाजत होत्या.

मग हात धुऊन चित्रशाळेत गेले आणि मूर्ती घेऊन आले. आमच्या घरी.

पाच दिवसांनी विसर्जन झाल्यावर मी फोल्डर उघडला. सगळे फोटो ओळीत, सात-सात-सहा. मध्ये जागा नाही. पुढच्या दिवशीही तसेच. मी मुद्दाम सगळी बटणं दाबून बघितली, सुलूने येऊन टिक काढून, घालून, हाताने ओढून बघितलं. टिक घातली की चित्रं सरकून जागा भरतात. ती म्हणाली होती तसंच. ती मोडलेली मांडणी पुन्हा कधी दिसली नाही. पुढे तो कॉम्प्युटरही बिघडून गेला.

भावोजी म्हणतात, दादानेच केलं. मला तसं म्हणवत नाही. ह्यांनी तीस वर्षांत तोंडाने एक शब्द सांगितला नाही, आणि गेल्यावर यंत्रातून सांगतील? माझी बुद्धी ते मानत नाही. पण मग कोऱ्या फोल्डरात ती जागा कशी राहिली, हेही ती सांगत नाही. दोन्हीकडून बघितलं, उत्तर मिळालं नाही. आता शोधतही नाही.

दर वर्षी चवथीच्या आदल्या दिवशी भावोजी सकाळच्या पहिल्या बसने येतात. मी भिंतीला पाठ लावून स्टुलावर चढते, ते खाली उभे राहून एकेक जिन्नस माझ्या हातात देतात आणि माझ्या गाठींना नावं ठेवतात. वीस झाले की मी उतरते.